वाचनालयातले पाच कॉम्प्युटर: चोरीची विंडोज की लिनक्स?

पऱ्हाटी | रविवार, रात्री ९.१२

राजेहो, सल्ला पाहिजे. गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. गावच्या सार्वजनिक वाचनालयाचा मी बिनपगारी सचिव. मागच्या वर्षी पुण्याला नोकरीवर असलेल्या गावातल्याच एका पोरानं त्याच्या ऑफिसातून निघालेले पाच जुने कॉम्प्युटर पाठवले, दोन ४ जीबी रॅमचे, बाकीचे २ जीबीचे. हार्डडिस्क ऑफिसनं काढून घेतल्या होत्या. त्या आम्ही तालुक्याहून जुन्याच घेतल्या, दुकानदारानं विंडोज १० टाकून दिली, पेन ड्राईव्ह लावून काहीतरी 'ॲक्टिव्हेट' केलं आणि मशीनमागे दोनशे रुपये घेतले. बिल नाही. म्हणजे काय ते समजून घ्या.

आता त्या विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. दुकानदार म्हणते ११ या मशीनवर बसत नाही, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते, नवीन घ्या. वाचनालय 'ड' वर्गातलं. अनुदानात पेपरवाल्याचं बिल निघालं तरी देव पावला समजतो.

दिवसभर पोलीस भरतीवाले पोट्टे असतात, शाळा सुटली की लहान पोरं, आणि अधूनमधून सातबारा पाहायला येणारे म्हातारे. प्रश्न दोन. विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकट, मोकळी सिस्टीम टाकली तर पोरांचं नुकसान तर होणार नाही? एमएससीआयटी, टायपिंग, सगळं विंडोजवर शिकवतात. आणि दुसरा जरा येडपट प्रश्न: चोरीची विंडोजही फुकट, लिनक्सही फुकट. मग फरक काय?

तर्री_कम | रविवार, रात्री ९.२०

फरक हा की पहिल्यात दुकानदाराला दोनशे जातात, दुसऱ्यात तुमचे दोन रविवार जातात.

मुळामुठा | रविवार, रात्री ९.३१

शीर्षकातच चोरीची जाहीर कबुली देणारा या संस्थळावरचा हा पहिलाच धागा असावा. सार्वजनिक संस्थेनं तरी असं करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पऱ्हाटी | रविवार, रात्री ९.३५

कबुली आहे म्हणूनच तर विचारून राहिलो भाऊ. नाहीतर गुपचूप चालवलीच असती ना.

नांगरफाळ | रविवार, रात्री १०.०२

नागपूरला सर्व्हर सांभाळायचं काम करतो, म्हणून आधी कोरडं सांगतो, तत्त्वज्ञान नंतर.

४ जीबीच्या दोन मशीनवर मिंट नावाच्या लिनक्सची हलकी एक्सएफसीई आवृत्ती आरामात चालेल. मिंट २२ ला २०२९ पर्यंत सुरक्षेचे अपडेट आहेत. २ जीबीवालीही चालतील, पण ब्राउजरमध्ये चार टॅब उघडले की मान टाकतील. एखादं मशीन मेलंच तर त्याची रॅम काढून दुसऱ्यात घाला. आणि जुन्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी टाका. जुन्या मशीनवर एवढा एकच खर्च करण्यालायक आहे.

टाकायच्या आधी पेन ड्राईव्हवरूनच चालू करून पाहता येतं, हार्डडिस्कला हात न लावता. वायफाय, आवाज आणि मुख्य म्हणजे प्रिंटर तपासून घ्या. प्रिंटर कोणता आहे?

विंडोज १० ला ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत मिळते हे खरं, पण ती रीतसर घेतलेल्यांसाठी. 'ॲक्टिव्हेट' करणाऱ्या त्या पेन ड्राईव्हमधून सोबत काय काय आलं असेल ते सांगता येत नाही. त्या मशीनवरून कोणाला बँकेचं काम करू देऊ नका, एवढं आजपासूनच पाळा.

पऱ्हाटी | रविवार, रात्री १०.१०

प्रिंटर दुकानादुकानात दिसतो तोच छोटा पांढरा लेझर. सरपंचांनी दिलेला.

नांगरफाळ | रविवार, रात्री १०.१२

अरे देवा.

खिळेजुळारी | सोमवार, सकाळी ७.४५

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे, पण लांबेल. सकाळी छापखान्यात गिऱ्हाईक नसते, तेव्हा लिहितो.

वर्धा जिल्ह्यात आमचा वडिलांपासूनचा छापखाना. १९९६ ला शिशाच्या अक्षरांचे खिळे मोडीत काढले आणि डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवरची अक्षरजुळणी, घेतलं. मराठी अक्षरांचं सॉफ्टवेअर तेव्हा आमच्या ट्रेडल मशीनच्या तोडीस तोड किमतीचं. सोबत अंगठ्याएवढं एक कुलूप यायचं, कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरच्या पोर्टात खोचायचं. आम्ही त्याला 'लॉक' म्हणायचो. लॉक नसेल तर सॉफ्टवेअर उघडत नाही. वडील रोज रात्री ते काढून गल्ल्यात ठेवत. लक्ष्मीपूजनाला पाटावर मांडत.

पंधरा वर्षं चाललं. २०११ च्या मृगात वीज पडली आणि लॉक जळालं. कंपनीला फोन केला तर म्हणाले ती आवृत्ती बंद झाली, नवीन घ्या. कर्ज काढून घेतली. जुन्या फाईली उघडल्या, पण जोडाक्षरं फुटलेली. 'श्री'च्या जागी चौकोन. लग्नपत्रिका गेल्या त्याचं दुःख नाही, लग्नं झाली ती झाली. पण आमच्याकडच्या खडी गंमत या लोकनाट्याच्या एका शाहिराची वही होती. त्यांनी विश्वासानं आणून दिली आणि मी दीडशे पानं टाइप करून ठेवली होती. शाहीर गेले. वहीला वाळवी लागली. उरली ती माझ्या मशीनमधली फाईल, आणि ती मलाच वाचता येईना. मशीन माझं, वीजबिल माझं, टाइप केलं मी, आणि कुलूप दुसऱ्याचं.

नशिबानं प्रूफाचे कागद सापडले. दोन हिवाळे बसून सगळं युनिकोडमध्ये परत टाइप केलं. साध्या मजकुराच्या फाईलीत. आता ती मोबाईलवर उघडते, लिनक्सवर उघडते, नातवाच्या टॅबवर उघडते. सॉफ्टवेअर कोणतं ते मी विचारत नाही. एवढंच विचारतो की उद्या ते बंद पडलं तर माझा कागद मला परत मिळेल का.

चोरीची विंडोज आणि लिनक्स यांत पैशाचा फरक नाही हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. फरक लॉक जळाल्यावर समजतो.

तर्री_कम | सोमवार, सकाळी ८.३०

काका, सकाळी सकाळी पोहे घशात अडकले.

मुळामुठा | सोमवार, सकाळी ९.०५

खिळेजुळारी, अप्रतिम लिहिलंत. एक शंका: त्या फाईलींत मजकूर होताच ना? मग फॉन्ट बदलून वाचता का येऊ नये?

खिळेजुळारी | सोमवार, सकाळी ९.४०

त्या काळच्या फॉन्टांत मराठी नव्हतंच हो. मराठीचा मुखवटा होता. कृतीदेवचंच घ्या. त्यात 'महारा' टाइप केलं तर फाईलीत साठतात इंग्रजी अक्षरं: ई, जी, के, जे, के. वर म, ह, काना, र, काना असे आकार रंगवलेले, रेमिंग्टन टाइपरायटरच्या कळांप्रमाणे. फॉन्ट काढला की मुखवटा गळला, खाली ईजीकेजेके. आणि प्रत्येक कंपनीचा मुखवटा निराळा. कृतीदेवला परिवर्तक मिळतात, आमच्याला मिळाला नाही. युनिकोडमध्ये 'म' हा 'म' म्हणूनच साठतो, फॉन्ट कोणताही लावा.

टकटक | सोमवार, दुपारी १२.२०

भावना बाजूला ठेवून बोलतो. वाशीमला माझी टंकलेखन संस्था आहे. मुलांना मराठी ३०, मराठी ४०, इंग्रजी ३०, ४० (मिनिटाला इतके शब्द) पास व्हायचं असते. लिपिकाच्या जाहिरातीत ते प्रमाणपत्र मागतात, लिनक्स येते का असं कोणी विचारत नाही. परीक्षेच्या खोलीत समोर विंडोज येते. तिथे पोट्टं पहिल्यांदा विंडोज पाहत असेल तर त्याची पहिली पाच मिनिटं गेली, आणि टायपिंगमध्ये पाच मिनिटं म्हणजे परीक्षाच गेली.

शहरातल्या पोरांच्या घरी दोन दोन लॅपटॉप असतात, त्यांनी प्रयोग करावेत. गावातल्या पोरांवर आपलं तत्त्व तपासून पाहू नका.

शाळेची_घंटा | सोमवार, सायंकाळी ६.५०

टकटक सर, तुमचं म्हणणं टायपिंगच्या पोरांपुरतं पटलं. पण वाचनालयात तिसरी-चौथीतली लेकरंही येतात ना? त्यांना कुठे उद्या लिपिक व्हायचं आहे?

मी मेळघाटात, धारणी तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर आहे. पहिलीत येणारी मुलं घरी कोरकू बोलतात, पुस्तक मराठी, आणि कॉम्प्युटर आला तो इंग्रजी. आमच्याकडे एकच जुना लॅपटॉप होता. त्यावर एका मित्रानं टक्स पेंट टाकून दिलं. लहान मुलांचं चित्रं काढायचं सॉफ्टवेअर, मोकळ्या परवान्याचं, म्हणजे कोणीही वापरावं, बदलावं, वाटावं असं, २००२ पासूनचं. त्यात शिक्क्यांसारखी तयार चित्रं असतात, चित्र निवडलं की त्याचं नाव दिसतं आणि ऐकू येतं. आलेली सगळी चित्रं बाहेरची. आमच्या मुलांना ती गंमत वाटायची, पण नुसती पाहण्यापुरती.

मग कळलं की शिक्का म्हणजे एका फोल्डरमध्ये चित्राची फाईल, त्याच नावाची मजकुराची फाईल आणि त्याच नावाची आवाजाची फाईल. बस. मोबाईलवर मोहाचं फूल, सागाचं पान, कोंबडा, घराची भिंत असे फोटो काढले. नावं चौथीतल्या एका मुलीच्या आवाजात कोरकूत भरली. एका पावसाळ्यात चाळीस शिक्के झाले. पहिलीतला पोरगा चित्रावर टिचकी मारतो आणि कॉम्प्युटर त्याच्या आजीच्या भाषेत बोलतो, तेव्हा त्याचं तोंड बघायला या.

कोणाची परवानगी घ्यावी लागली नाही. कोरकूत काढा म्हणून कोणत्या कंपनीकडे अर्ज केला असता तर मी निवृत्त होईपर्यंत उत्तर आलं नसतं. गिऱ्हाईकच किती, असं त्यांचं गणित. त्यांच्या जागी ते चूकही नाहीत.

बैलबंडी | सोमवार, रात्री ८.१५

इथे सगळे गांधीबाबा जमा झाले वाटते. मी विरोधात बोलतो, कोणीतरी बोललं पाहिजे.

मी जुना शेतकरी संघटनेचा माणूस. शरद जोशींनी आम्हाला स्वातंत्र्य शिकवलं ते बाजाराचं आणि तंत्रज्ञानाचं. मला जे परवडते ते मी घेईन, जे पिकते ते पेरीन, मधात कोणी येऊ नये. जून २०१९ ला अकोट तालुक्यात अकोली जहागीरला एचटीबीटी, म्हणजे तणनाशक सहन करणारी, मंजुरी नसलेली कपाशी, जाहीरपणे पेरली, तेव्हा मी बांधावर हजर होतो. सरकार म्हणे बेकायदा, आम्ही म्हणे करा अटक.

उद्या सरकारनं म्हटलं की सगळ्या वाचनालयांत लिनक्सच पाहिजे, तर ते पण बंधनच झालं. कंपनी पैसे घेते आणि चांगलं काम देते, यात पाप काय? तुमची ही 'मुक्ती' म्हणजे रिकामा वेळ असलेल्या इंजिनीयर लोकांचा शौक आहे. माझ्याकडे सोयाबीन उभं आहे.

तर्री_कम | सोमवार, रात्री ८.२२

चोर बीटी आणि चोर विंडोज, दोन्हीचं बिल मिळत नाही. उगवलं नाही तर तक्रार कुठे करायची, कृषी अधिकाऱ्याकडे की त्या पेन ड्राईव्हवाल्याकडे?

बैलबंडी | सोमवार, रात्री ८.२५

हसलो. पण मुद्दा तसाच आहे.

नांगरफाळ | सोमवार, रात्री १०.४०

बैलबंडी काका, तुमच्या घरी बियाणं राखायचे का आधी?

बैलबंडी | सोमवार, रात्री १०.४४

आजा राखायचा. देशी कापसाची सरकी. तुरीचं आम्ही अजून राखतो.

नांगरफाळ | सोमवार, रात्री ११.१५

तेच म्हणायचं होतं. २००१ चा वाणसंरक्षण कायदा आहे, त्यातल्या ३९ व्या कलमानं शेतकऱ्याला बियाणं राखायचा, परत पेरायचा, अदलाबदल करायचा, विकायचासुद्धा हक्क दिला. फक्त ब्रँडचं पाकीट करून विकता येत नाही. हक्क पक्का आहे. पण २००२ ला बीटी कापूस आला तो संकरित. त्याची सरकी पेरली तर दुसऱ्या वर्षी शेत एकसारखं येत नाही. म्हणजे कायद्यानं हक्क दिला आणि बियाणाच्या जातीनं तो काढून घेतला. दुकानात जावंच लागते.

तुमच्या खिशातला अँड्रॉइड अस्सा आहे. आत लिनक्सचंच कर्नल, म्हणजे गाभा, १९९१ ला फिनलंडच्या एका विद्यार्थ्यानं, लिनस टोरवाल्ड्सनं, सुरू केलेलं. कोड पाहायला मोकळा. पण दुकानातून येणाऱ्या कितीतरी फोनांना बूटलोडरचं, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रामचं, कुलूप असते. कोड बदलायचा हक्क आहे, बदललेला कोड त्या फोनवर चालवायची सोय नाही. संकरित स्वातंत्र्य!

तुम्हाला निवड पाहिजे ना? मलाही तीच पाहिजे. पण दरवर्षी कोणत्या दुकानातून घ्यायचं एवढीच निवड असेल, तर तिला निवड म्हणायचं का ते तुम्ही ठरवा. सक्तीबाबत मी तुमच्याच बाजूनं आहे.

बैलबंडी | मंगळवार, सकाळी ६.१०

हायब्रीडनं उत्पन्न वाढलं हे का सांगत नाही? माझ्या आज्याचं एकरी किती व्हायचं ते विचारा ना. मी परत आज्याच्या सरकीवर जाणार नाही, सांगून ठेवतो. बाकी फोनच्या कुलपाचं बरोबर आहे. पोराचा फोन दोन वर्षांत जुना झाला म्हणे, अपडेट येत नाही. बॅटरी धडधाकट.

लोहारसाळ | मंगळवार, सकाळी ९.३०

ट्रॅक्टरचं कोणी काढलं नाही म्हणून मी काढतो. २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना ट्रेम ४ हा धुराचा नियम लागला. इंजिनात सेन्सर आणि कॉम्प्युटर आला. धूर कमी झाला हे खरंच. पण आमच्या चौकातला मिस्त्री वीस वर्षं नुसत्या आवाजावरून रोग सांगायचा, आता तो बोनेट उघडून हात चोळत बसते. दिवा लागला की कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन येईस्तोवर थांबा. माझा भाड्याचा ट्रॅक्टर ऐन पेरणीत चार दिवस उभा होता. बिघाड काय निघाला? एक सेन्सर. बदलायला वीस मिनिटं.

केंद्राच्या ग्राहक खात्यानं डिसेंबर २०२२ ला दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यात शेतीची अवजारंही आहेत. पोर्टल ठीक आहे. पण त्या लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर मिस्त्रीच्या हातात येईस्तोवर माझ्या मृगाच्या चार दिवसांचं काय?

मोहफूल | मंगळवार, दुपारी ३.००

आमच्याकडचं सांगते. गडचिरोली, धानोरा तालुका. ग्रामसभांना सामूहिक वनहक्काचे दावे करायला मदत करतो. कायदा २००६ चा, आणि मेंढा-लेखाला २००९ मध्ये हक्क मिळाला तो देशातल्या अगदी पहिल्यांपैकी. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथलीच.

दाव्याला नकाशा लागतो. गावातले म्हातारे पुढे, हातात जीपीएस घेतलेली पोरं मागे, अशी जंगलाची सीमा पायी चालतो. कुठला नाला, कुठलं देवाचं झाड, कुठे तेंदू जास्त, सगळं टिपतो. रात्री ते क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवतो. २००२ पासूनचं मोकळं सॉफ्टवेअर आहे, नेट नसलं तरी चालतं. नेट नसतंच.

पहिल्या गावात नकाशा दाखवला तेव्हा एका आजोबांनी विचारलं, 'हे तुमच्यापाशी राहणार का आमच्यापाशी?' मी म्हटलं दाव्यासोबत प्रत जोडू. ते म्हणाले, 'प्रत नाही बाई, हे जे हलते ते.' त्यांना फाईल पाहिजे होती. पुढच्या साली नाल्यानं वाट बदलली तर आम्ही बदलू म्हणाले. महागड्या परवान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवलं असतं तर काय दिलं असतं मी त्यांना? आता ग्रामसभेच्या लॅपटॉपवर फाईल आहे आणि बारावी झालेली दोन पोरं ती चालवतात. लॅपटॉप ४ जीबीचा, उपग्रहाची चित्रं चढवली की गुदमरतो, तेव्हा चहा करायचा.

दुसरं ओपनस्ट्रीटमॅप, लोकांनी मिळून बनवलेला मोकळा नकाशा. फोनवरच्या नेहमीच्या नकाशात आमचे टोले (पाडे) म्हणजे नुसतं हिरवं. पोरांनी टोल्यांची नावं, विहिरी, पावसाळ्यात बंद पडणारे रपटे स्वतः टाकले. फोनवर उतरवून ठेवलं की टॉवर नसताना दिसतं. आशाताई वापरतात.

पऱ्हाटी | मंगळवार, रात्री ९.००

मी वाचनालयाचं विचारलं होतं, तुम्ही लोक जंगलात घेऊन गेले. पण जाऊ द्या, वाचायला गोड वाटून राहिलं. नांगरफाळ, ते प्रिंटरचं 'अरे देवा' काय होतं?

नांगरफाळ | मंगळवार, रात्री ९.४५

त्या जातीच्या प्रिंटरांना स्वतःचं डोकं नसते. पान कसं छापायचं ते कॉम्प्युटरमधला ड्रायव्हर ठरवते. विंडोजचा ड्रायव्हर सोबत येते, लिनक्सचा धड चालत नाही. तुम्ही किंवा मी तो सुधारू शकत नाही, आतली बोली कंपनीनं उघड केली नाही.

गंमत अशी की ही सगळी भानगड सुरूच एका प्रिंटरपासून झाली. १९८० च्या सुमाराला अमेरिकेत एमआयटी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत भेट म्हणून एक लेझर प्रिंटर आला. कागद अडकायचा. रिचर्ड स्टॉलमन तिथेच काम करायचा. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये त्यानं सोय करून ठेवली होती, कागद अडकला की छापणाऱ्याच्या पडद्यावर निरोप जायचा. नव्याचा मूळ कोड मिळेना. दुसऱ्या विद्यापीठात एकाकडे होता, तो म्हणाला मी न देण्याचा करार केला आहे. १९८३ ला स्टॉलमननं ग्नू या मोकळ्या सिस्टीमची घोषणा केली, १९८५ ला फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन काढलं. चाळीस वर्षं झाली, तुमचा प्रिंटर अजून तिथेच.

शाळेची_घंटा | मंगळवार, रात्री १०.२०

१९८९ मध्ये त्यांनी तो जीपीएल परवाना काढला ना? मी आईला विरजणावरून समजावला होता. शेजारणीकडून विरजण आणलं तर तिचं दही कमी होत नाही. जीपीएलची अट एवढीच, की त्या विरजणाचं दही तू चार घरी वाटलंस, तर त्यांना ते कसं लावलं ते सांगायचं आणि त्यांनी पुढे विरजण दिलं तर अडवायचं नाही. दही विकलंस तरी चालेल.

आई म्हणाली, 'यात परवाना कशाला लागते? हे तर सगळ्यांना माहीतच आहे.'

तर्री_कम | मंगळवार, रात्री १०.२६

आईंना अध्यक्ष करा.

मुळामुठा | मंगळवार, रात्री १०.५०

सगळेच परवाने असे नसतात हेही सांगायला हवं. एमआयटी किंवा बीएसडी परवान्यात ही अट नाही. विरजण न्या, दही डब्यात बंद करून विका, फक्त मूळ शेजारणीचं नाव डब्यावर असू द्या. व्यवसायात हेच सोयीचं पडतं. आमच्या कंपनीत जीपीएल म्हटलं की वकील धावत येतात. 'लिनक्स' की 'लायनक्स' यावर मात्र मी वाद घालणार नाही.

संपादक_मंडळ | बुधवार, सकाळी १०.००

टर्मिनलमध्ये लिहायचा 'गमतीचा' आदेश देणारा एक प्रतिसाद उडवला आहे. मागे एका सदस्यानं असाच आदेश खरा समजून मुलीच्या बारशाचे फोटो घालवले होते. असले विनोद इथे नकोत.

टकटक | बुधवार, दुपारी १.१५

पऱ्हाटी भाऊ, परवा जरा रागात लिहिलं. मधला मार्ग सांगतो. चार मशीन तुम्हाला काय करायचं ते करा. एक मात्र रीतसर विंडोज घेऊन ठेवा, टायपिंग आणि अर्ज भरण्यासाठी. बिलासह घ्या. माझ्या संस्थेत मी २०१९ पर्यंत बिनबिलाचंच चालवलं. एका सकाळी सगळ्या मशीनवरच्या फाईली कुलूपबंद आणि पडद्यावर पैशाची मागणी. ऐन परीक्षेच्या महिन्यात. तेव्हापासून बिल आधी.

आणि लिनक्सवर मराठीसाठी इनस्क्रिप्ट शिकवा. तो सरकारी प्रमाण कळफलक, कुठेही तोच असतो.

पऱ्हाटी | तीन आठवड्यांनी, रविवार, सायंकाळी ७.३०

राजेहो, अहवाल देतो.

पाचपैकी एकाचा मदरबोर्ड पहिल्याच दिवशी गेला. त्याची रॅम काढून दुसऱ्यात घातली, नांगरफाळनं म्हटलं होतं तसंच. तीन मशीनवर मिंट बसलं. मधात दोनदा लाईट गेली, तिसऱ्यांदा रात्री अकराला पूर्ण झालं. एकावर रीतसर विंडोज. मशीन ११ च्या लायकीचं नाही म्हणून दुकानदाराकडूनच एक वापरलेलं पण नवीन पिढीचं घेतलं, गणपतीच्या वर्गणीतून उरलेल्या पैशानं. आयुष्यात पहिल्यांदा विंडोजचं बिल पाहिलं. फाईलीत लावून ठेवलं.

टकटक सरांचा अंदाज आणि माझी भीती, दोन्ही थोडी थोडी खरी निघाली. भरतीवाले पोट्टे पहिले दोन दिवस विंडोजच्या मशीनपुढे रांग लावून बसले. तिसऱ्या दिवशी रांगेचा कंटाळा आला आणि मिंटवर गेले, कारण त्यांना ब्राउजर आणि पीडीएफ एवढंच लागते. सातबारा पाहणाऱ्यांना काही बदललं हेच समजलं नाही. एक बाबा एवढंच म्हणाले की आता लवकर उघडते.

प्रिंटर चालला नाही. पोलीस भरतीवाल्या एका पोट्ट्यानं दोन संध्याकाळ घालवून चालवला, तर एकाआड एक पान कोरं येते. सध्या पीडीएफ पेन ड्राईव्हवर घेऊन विंडोजवरून काढतो. अरे देवाचा अर्थ समजला.

ग्रामपंचायतीतून आलेल्या ठरावाचा मसुदा लिब्रेऑफिसमध्ये, म्हणजे लिनक्सवरच्या वर्डसारख्या मोकळ्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडला तर रकाने सरकले. ते सचिव आता माझ्याकडे संशयानं पाहतात.

आणि एक गोष्ट. नववीतल्या एका पोट्टीनं स्वतःच सगळं मराठीत करून घेतलं. परवा आली आणि म्हणाली, 'काका, या मेनूत 'किंवा'ची वेलांटी चुकली, कोणाला सांगायचं?' मी म्हटलं कोणालेच नाही बाई, ते कंपनीचं असते. घरी जाता जाता आठवलं की हे कंपनीचं नाही. तर सांगा, कुठे कळवायचं?

नांगरफाळ | रविवार, रात्री ८.०५

तो मेनू कोणत्या प्रोग्रामचा आहे ते पाहून सांगा, प्रत्येकाची जागा निराळी. लिब्रेऑफिसचा असेल तर त्यांची भाषांतरं वेबलेट नावाच्या जागी होतात. कळवायचं कशाला, तिथे दुरुस्ती सुचवता येते. पोरगी लहान आहे, खातं तुमच्या नावानं काढा, वेलांटी तिला लावू द्या.

पुढच्या रविवारी मी दिग्रसला येऊन राहिलो, वाटेत उतरतो. प्रिंटरचं पाहू.

बैलबंडी | रविवार, रात्री ८.३०

माझ्या पोराचा तो बंद झालेला फोन घेऊन येऊ का? त्याचं कुलूप निघते का पाहा. सोयाबीन निघालं, आता वेळ आहे.

पऱ्हाटी | रविवार, रात्री ८.४१

या ना काका. रोडगे आणि वांग्याची भाजी करतो, वाचनालयाच्या मागंच. नांगरफाळ, येताना मिंटची फाईल पेन ड्राईव्हवरच आणा. दोन दिवसांपासून नेट नाही, हे पण मी पांदणीवर उभा राहून लिहून राहिलो.